संगणकाशिवाय शिकणारं यंत्र : १९६०चा ॲडलाइन विज्ञान दिनासाठी बांधायचाय

चितारओळ
मंडळी, २८ फेब्रुवारीला नागपुरातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. नववीच्या मुलांकडून न्यूरल नेटवर्कचं मॉडेल करून घ्यायचंय. लॅपटॉप नाही, अर्डुइनो नाही, फक्त तारा आणि नॉब. पाहणाऱ्याला यंत्र ‘शिकताना’ दिसलं पाहिजे. जुन्या शिकणाऱ्या यंत्रांपैकी रोझेनब्लॅटचा पर्सेप्ट्रॉन की विड्रो-हॉफचा ॲडलाइन, काय झेपेल? सामान बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळेल असंच सांगा, कुरिअरची वाट पाहायला वेळ नाही.

कोराडीचा_व्होल्ट
भाऊ, मार्क वन पर्सेप्ट्रॉन (रोझेनब्लॅटचं मूळ यंत्र) शाळेत बांधून राहिले का? २० × २० म्हणजे ४०० कॅडमियम सल्फाइडचे फोटोसेल, मधे ५१२ असोसिएशन युनिटं, शेवटी ८ आउटपुट, आणि वेट (कोणत्या इनपुटला किती वजन द्यायचं तो आकडा) म्हणून पोटेन्शिओमीटर, म्हणजे पॉट, तेही इलेक्ट्रिक मोटरने फिरणारे. बफेलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत अमेरिकन नौदलाच्या पैशावर ते झालं. पर्सेप्ट्रॉनचा पहिला जाहीर प्रयोग १९५८चा, पण तो आयबीएम ७०४ संगणकावर होता, खरं यंत्र त्यानंतरचं. लोक या दोघांची गल्लत करतात, फलकावर लिहाल तर सांभाळून.

४०० एलडीआर (उजेडाने रोध बदलणारे हेच फोटोसेल) मिळतीलही, पण एकाच पाकिटातल्या दोन एलडीआरचं मूल्य जुळत नाही. शिवाय एलडीआर आळशी असतो. उजेडातून काळोखात नेला की जागेवर यायला वेळ घेतो, आधी किती उजेड खाल्ला तेही लक्षात ठेवतो. मंडपात ट्यूबलाइट, खिडकी आणि पाहणाऱ्यांच्या सावल्या असणार. ते सोडा.

ओहमपुत्र
ॲडलाइनच करा. स्टॅनफर्डला विड्रो आणि हॉफ यांनी नेमकी हीच पेटी केली होती : ४ × ४ टॉगल स्विच, प्रत्येकाला एक नॉब, एक जादाचा नॉब बायसचा (इनपुट काहीही असो, बेरजेत कायम मिसळणारा आकडा) आणि एक मीटर. नॉब माणसाने हाताने फिरवायचे. शिकवणारा माणूस, लक्षात ठेवणारं यंत्र. नववीच्या मुलांना यापेक्षा स्वच्छ काही नाही.

सामान :
– ६ पिनचे डीपीडीटी टॉगल, १६. तीन पिनचे घेऊ नका, कारण खाली आहे.
– १० किलो-ओहमचे लिनियर पॉट, १७.
– १०० किलो-ओहमचे रेझिस्टर, १७. १० किलो-ओहमचा १.
– ७४१ ऑप-ॲम्प (इथे बेरीज करणारी चिप), बेससकट. एक जास्तीचा घ्या.
– १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर, ५०० मिलिअँपिअर. ४ डायोड १एन४००७. १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे २ कपॅसिटर.
– व्होल्टेज रेग्युलेटर ७८१२, ७९१२, ७८०५, ७९०५ प्रत्येकी एक.
– शाळेच्या प्रयोगशाळेतलं ३०-०-३० गॅल्व्हॅनोमीटर, त्याच्या मालिकेत ४७ किलोचा प्रीसेट आणि एक पुश बटन.

जोडणी : पॉटच्या दोन टोकांना +५ आणि –५. टॉगल वर केला की सरळ, खाली केला की टोकं उलटी. म्हणून डीपीडीटी. मधल्या दोन पिना पॉटला, कोपऱ्यातल्या चार पिना तिरक्या जोडून सप्लायला. आता पॉटच्या मधल्या पायावर जे व्होल्टेज येतं ते म्हणजे इनपुट गुणिले वेट, गुणाकार आपोआप झाला. वेट अधिकही होतं, उणेही. हे १७ पाय १०० किलोमधून ७४१च्या २ नंबर पिनेवर एकत्र, ३ नंबर जमिनीला, फीडबॅकला १० किलो. ७४१ला ±१२ द्या, पॉटना ±५. बायसच्या पॉटला टॉगल नाही, तो कायम सरळ. आउटपुट उलट्या चिन्हाचं येतं, गॅल्व्हॅनोमीटरच्या तारा अदलाबदल केल्या की झालं.

प्रीसेट असा लावा की आउटपुटला १ व्होल्ट असताना काटा १० घरं सरकेल. सुरुवातीला प्रीसेट पूर्ण ४७ किलोवर ठेवूनच बटन दाबा.

कोराडीचा_व्होल्ट
दोन गोष्टी जोडतो, कारण ९० टक्के पेट्या इथेच मरतात.

एक, ७८०५ आणि ७९०५चे पाय सारखे नाहीत. ७८०५ला छापील बाजूने डावीकडून इनपुट, जमीन, आउटपुट. ७९०५ला जमीन, इनपुट, आउटपुट. आणि ७९०५चा पत्रा आतून इनपुटला जोडलेला असतो, ७८०५चा जमिनीला. दोघांना एकाच ॲल्युमिनियमच्या पट्टीवर अभ्रकाशिवाय कसलं की उणे सप्लाय थेट जमिनीला. खरं तर पट्टीच लागत नाही, १७ मिलिअँपिअरला काय तापायचं?

दोन, वीज देण्याआधी सप्लाय सोडवा आणि +५ व –५च्या लायनींमधला रोध मोजा. १७ पॉट समांतर, १०,००० भागिले १७, म्हणजे ५८८ ओहमच्या आसपास. मीटर ५०० ते ६५०च्या बाहेर काही दाखवत असेल तर पुढे जायचं नाही. शून्य आलं तर कोणत्यातरी टॉगलची तिरकी तार एकाच बाजूला लागलीये. एकेक टॉगल सप्लायच्या लायनीवरून सोडवत मीटरकडे पाहा, ज्या टॉगलला आकडा उडी मारतो तो गुन्हेगार.

शंकाखोर
पॉट मागताना दुकानदार ‘व्हॉल्यूमचा देऊ का’ विचारतो. चालेल?

ओहमपुत्र
नाही. व्हॉल्यूमचा पॉट लॉग असतो, त्याच्या मध्यावर शून्य नसतं. पाठीवर ‘ए १० के’ असेल तर लॉग, ‘बी १० के’ असेल तर लिनियर. बी घ्या. शंका आली तर नॉब बरोबर मध्यावर आणून मधल्या पायापासून दोन्ही टोकांचा रोध मोजा, दोन्हीकडे साधारण ५ किलो आला पाहिजे.

चितारओळ
कळलं. पण शिकवायचं कसं? ‘वेट बदला’ एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं. किती बदलायचं?

ओहमपुत्र
हाच खरा प्रश्न. प्रत्येक नॉबखाली –५ ते +५ अशा ११ खुणांची कागदी तबकडी चिकटवा. नॉबची उपयोगी फिरत साधारण २७० अंश, म्हणजे एक खूण २७ अंशांची. सगळे नॉब शून्यावर.

मुलांना ‘ग’ आणि ‘ट’ ओळखायला शिकवू. टॉगल वर म्हणजे काळं :

ग
■■■■
□■□■
□■□■
■□□■

ट
■■■■
□□■□
□■□□
□■■■

‘ग’ला काटा +२० वर, ‘ट’ला –२० वर यायला हवा.

नियम असा : हवं ते उणे काटा दाखवतो ते, ही चूक. चुकीच्या दर घराला प्रत्येक नॉब १.६ अंश फिरवायचा. सगळेच्या सगळे १७, सारखेच. दिशा फक्त वेगळी : चूक अधिक असेल तर ज्यांचे टॉगल वर आहेत ते नॉब उजवीकडे, ज्यांचे खाली ते डावीकडे. चूक उणे असेल तर उलट. बायसला टॉगल नाही, तो कायम ‘वर’ धरायचा.

पहिल्यांदा ‘ग’ लावा. काटा ०, चूक २०, म्हणून प्रत्येक नॉब ३२ अंश, म्हणजे एका खुणेपेक्षा थोडं जास्त. बटन दाबा, काटा +२० वर. आता नॉबना हात न लावता ‘ट’ लावा. काटा ३.५च्या जवळ दिसेल. का? दोन्ही अक्षरांत १६पैकी ७ टॉगल वेगळे, ९ सारखे आणि बायस सारखा. १० उणे ७ म्हणजे ३. २० गुणिले ३ भागिले १७. ‘ट’ला हवंय –२०, चूक –२३.५. दुरुस्त करा. आता परत ‘ग’ लावा, काटा २० वर नसतो, १६च्या जवळ उतरलेला असतो. ‘ट’ शिकताना ‘ग’ थोडा विसरला. ती ४ घरांची चूक दुरुस्त केली की ‘ट’ –१९च्या आसपास. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही बसतात.

हे विसरणं पाहणाऱ्यांना मुद्दाम दाखवा. यंत्राचा जीव त्यातच आहे.

दोनपेक्षा जास्त अक्षरं, किंवा अक्षराची बिघडलेली रूपंही शिकवायची असतील तर पूर्ण दुरुस्ती करू नका, अर्धी करा : घराला ०.८ अंश. पूर्ण दुरुस्तीने शेवटी दाखवलेल्याचंच राज्य होतं.

सदर_७४
ओहमपुत्र, हिशेब बरोबर, पण देवनागरीची एक गोची राहिली. वरची ओळ पाहा. शिरोरेषा! ध, भ अशी थोडी सोडली तर कुठलंही अक्षर घ्या, ते चार टॉगल वरच असणार. म्हणजे ते चार इनपुट नाहीतच, ते चार जादाचे बायस आहेत. यंत्राला त्यातून काही कळत नाही, उलट दोन अक्षरं एकमेकांसारखी भासतात. ती ओळ काढून १२ टॉगल आणि १ बायस ठेवा : सारखे ६, वेगळे ७, फरक –१. ‘ग’ शिकवल्यावर ‘ट’ला काटा आपोआप –१.५ वर, योग्य बाजूलाच. ढवळाढवळ जवळजवळ संपली. विड्रोसाहेबांना रोमन अक्षरांमुळे ही अडचण आली नाही.

चितारओळ
हे तर प्रदर्शनातच मांडता येईल! शिरोरेषेसह आणि शिरोरेषेविना. काढताना टॉगल खाली करायचे ना?

सदर_७४
नाही. खाली केलं तर ते उणे एक होतं, तेही दोन्ही अक्षरांत सारखंच, फरक शून्य. त्या चार पॉटचे मधले पायच तोडायला हवेत. १०० किलोच्या चार रेझिस्टरच्या सामायिक तारेत एक साधा स्विच टाका, ‘शिरोरेषा चालू/बंद’. आणि १३ इनपुट झाल्यावर नॉबचं माप बदलतं : घराला १.६ ऐवजी २.१ अंश.

शंकाखोर
हे सगळं पायथॉनच्या दहा ओळींत होतं. मग सोल्डरचा धूर कशाला?

कोराडीचा_व्होल्ट
दहा ओळींत वेट कुठे साठतं ते दिसत नाही म्हणून. सुरुवातीच्या हार्डवेअरची सगळी मारामारी त्या एकाच प्रश्नाभोवती होती. बेरीज सोपी होती, तारा एकत्र जोडल्या की प्रवाह आपोआप मिळतात, किर्कहॉफचा नियम ती फुकटात करून देतो. आकडा धरून ठेवायचा, थोडासा बदलायचा, आणि वीज गेली तरी राहायला हवा, हे अवघड.

मिन्स्की आणि एडमंड्सचं १९५१चं स्नार्क हे यंत्र, ४० न्यूरॉनचं : पॉटची जागा हेच वेट, मोटर आणि क्लचने फिरवायचं. मार्क वन : तेच, मोठ्या प्रमाणावर. पॉट विसरत नाही हा त्याचा मोठा गुण, पण ५००-५०० मोटरी कोण सांभाळणार? मग मेमिस्टर (तांबं चढवून-उतरवून रोध बदलणारा भाग) आला, त्याबद्दल खाली कुणीतरी लिहा. १९८०च्या दशकात चिपवर कपॅसिटरमध्ये चार्ज ठेवायचे, तो गळतो. सिलिकॉनमधली गळती दर १० अंशाला साधारण दुप्पट होते, त्यामुळे सारखं भरत राहावं लागतं. इंटेलची १९८९ची ईटॅन चिप, क्रमांक ८०१७० : ६४ न्यूरॉन, १०,२४० सिनॅप्स (न्यूरॉनमधल्या जोडण्या), वेट ईईप्रॉमसारख्या फ्लोटिंग गेटवर, म्हणजे वीज गेली तरी चार्ज धरून ठेवणाऱ्या कप्प्यात. गळती जवळजवळ नाही. पण लिहिणं मंद, आणि प्रत्येक चिपचा स्वभाव वेगळा, म्हणून तीच चिप जोडून, तिचं उत्तर पाहत शिकवावं लागायचं. एका चिपचे आकडे उचलून दुसरीत घातले की उत्तर बिघडतं.

शंकाखोर
मग आपल्या मे महिन्यात ४६ अंशाला या पॉटचं काय होणार? कार्बनचा रोध तापमानाने बदलतो. पेटी शाळेत वर्षभर ठेवायची असेल तर?

ओहमपुत्र
बदलतो, पण इथे पॉट डिव्हायडर म्हणून आहे. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा सारख्याच प्रमाणात बदलतात, गुणोत्तर तेच राहतं. उन्हाची भीती नको, धुळीची धरा. उन्हाळ्यातली बारीक धूळ कार्बनच्या पट्टीवर बसली की नॉब फिरवताना काटा उड्या मारतो. पेटीला मागून बंद झाकण लावा, दोन महिन्यांनी प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत दहादा फिरवा.

मोरचूद
मेमिस्टर माझ्याकडे लागला. विड्रो आणि हॉफ यांची १९६०ची युक्ती : तांब्याचा मुलामा चढवायच्या द्रावणाचं पात्र, त्यात पेन्सिलीचं शिसं. शिशावर तांबं चढवलं की रोध कमी, उतरवलं की जास्त. तीन टोकं : दोन शिशाची, तिसरं तांब्याचं. लिहायला डीसी, वाचायला एसी, म्हणजे वाचताना तांबं हलत नाही. विड्रोने त्यासाठी मेमिस्टर कॉर्पोरेशन नावाची कंपनीही काढली.

बाजूला ठेवायला एक करता येईल. मोरचूद कॉटन मार्केटकडच्या कृषी केंद्रात मिळतं, संत्र्याच्या बागांना बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी लागतं तेच. १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये २० ग्रॅम, वर बॅटरीच्या ॲसिडचे ५-६ थेंब. ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये नाही, आणि हे काम शिक्षकाचं, चष्मा लावून. ०.५ मिमीचं शिसं, स्ट्रॉच्या दीड सेंटिमीटर तुकड्यातून आरपार, दोन्ही तोंडं ग्लू गनने बंद, वरून खाच पाडून द्रावण भरायचं आणि तांब्याची तार सोडायची. ९ व्होल्टची बॅटरी, मालिकेत ८.२ किलो : सुमारे १ मिलिअँपिअर. शिसं ऋण टोकाला.

अपेक्षा मात्र आवरा. १ मिलिअँपिअरने सेकंदाला ०.३३ मायक्रोग्रॅम तांबं चढतं. १०० सेकंदांत थर पाव मायक्रोमीटरच्या आत. १ सेंटिमीटर शिशाचा रोध मुळातच एक-दोन ओहम, तो उतरून अर्ध्या ओहमच्या घरात जातो, आणि साध्या मल्टिमीटरच्या तारांचाच रोध तेवढा असतो. म्हणून दोन तारांतून प्रवाह, वेगळ्या दोन तारांनी व्होल्टेज, असं चार तारांनी मोजा. नाहीतर काहीच झालं नाही असं वाटेल.

प्रवाह दहापट करून घाई केली तर तांबं भुसभुशीत, काळपट येतं आणि हलवलं की गळतं. दुसरं, लोखंडी क्रोकोडाइल क्लिप द्रावणात बुडू देऊ नका, तिच्यावर वीज न देताच तांबं चढतं. आणि हे वेट टिकत नाही : हवेतला ऑक्सिजन आणि ॲसिड मिळून तांबं हळूहळू विरघळवतात. उरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. चुना घालून गाळ खाली बसू द्या, गाळ वेगळा काढा.

चितारओळ
मेमिस्टर शिक्षकांच्या टेबलावर, मुलांपासून लांब. आणखी एक : परीक्षक विचारणार, ‘यंत्राला काय येत नाही?’

ओहमपुत्र
एक्सॉर. मिन्स्की आणि पॅपर्ट यांच्या १९६९च्या पुस्तकापासून हे गाजलं. दोनच टॉगल वापरा, बाकीचे नॉब शून्यावर. अट : दोन्ही टॉगल सारखे असतील तर काटा उणे, वेगळे असतील तर अधिक. मुलांना तासभर नॉब फिरवू द्या, जमणार नाही. कारण वहीच्या एका ओळीत आहे. दोन्ही वर असतानाचं उत्तर आणि दोन्ही खाली असतानाचं उत्तर यांची बेरीज करा, दोन्ही वेट कटतात, उरतं बायसच्या दुप्पट. वेगळ्या स्थितींच्या दोन उत्तरांची बेरीज करा, तेवढंच. एकीकडे ते उणे हवं, दुसरीकडे अधिक. एकच आकडा दोन्ही कसा होणार?

उपाय विड्रोकडे तेव्हाही होता, मॅडलाइन : दोन ॲडलाइन आणि पुढे एक ऑर गेट (दोघांपैकी एकानेही ‘हो’ म्हटलं तरी ‘हो’). पण आतल्यापैकी नेमकं कोणाला किती फिरवायचं याचा सरसकट नियम नव्हता. तो रूढ झाला १९८६मध्ये, रूमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या बॅकप्रॉपच्या (शेवटची चूक मागे आतल्या वेटपर्यंत वाटत नेण्याच्या) लेखानंतर.

सदर_७४
अर्डुइनो नको म्हणता, पण पुढच्या वर्षी डिजिटल करायचं तर विसार्ड पाहा. १९८१, ब्रुनेल विद्यापीठ, इगोर अलेक्झांडर आणि मंडळी. वेट नाहीतच, नुसती रॅम. ८ × ८ चित्राचे ६४ बिंदू, कसेही पण एकदाच ठरवलेले ८-८चे ८ गट. गटाचे ८ बिट म्हणजे रॅमचा पत्ता. शिकवताना त्या पत्त्यावर १ लिहा, ओळखताना किती गट १ म्हणतात ते मोजा.

६२६४ रॅमला १३ पत्त्याच्या लायनी. ८ बिंदूंच्या, ३ गटक्रमांकाच्या, दोन उरतात, त्या जमिनीला. आठ डेटा लायनी म्हणजे आठ अक्षरं. एका चिपमध्ये सगळं! चुका दोन ठिकाणी होतात. वीज लावल्यावर रॅममध्ये कचरा असतो, आधी सगळीकडे ० लिहा. आणि लिहिताना जुना बाइट वाचून त्यात आपला बिट मिळवून परत लिहा, नाहीतर बाकी सात अक्षरं पुसली जातात. फार शिकवलं तर सगळीकडे १ भरतं आणि प्रत्येक अक्षराला ८पैकी ८ गुण मिळतात. सगळेच पास.

शंकाखोर
फलकावर उपयोग काय लिहायचा? संत्र्यांची प्रतवारी जमेल का? नागपूरला शोभेल.

मोरचूद
रंगावरून पिकलेलं-कच्चं असं लिहू नका. आंबिया बहाराचं संत्रं आत पिकलेलं असूनही सालीला हिरवं असतं, म्हणून तर इथिलीनने रंग आणतात. सेन्सरने रंग दिला तर यंत्र रंगच शिकणार, गोडी नाही.

कोराडीचा_व्होल्ट
खरे उपयोग लिहा, भरपूर आहेत. विड्रो-हॉफचा हाच नियम टेलिफोनच्या लायनीवरचा प्रतिध्वनी मारायला वापरला गेला, मॉडेममधले ॲडॅप्टिव्ह इक्वलायझर (लायनीने बिघडवलेला सिग्नल आपोआप सुधारणारे) याच घराण्यातले. १९८७चं नेटटॉक इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचायचं : २०३ इनपुट, ८० मधले, २६ आउटपुट. १९८९मध्ये लकून आणि बेल लॅब्जच्या मंडळींनी हाताने लिहिलेले पिनकोड वाचले, १६ × १६चं चित्र, १,२५६ युनिटं, पण स्वतंत्र वेट ९,७६० फक्त. ते आकडे बफेलोच्या टपालातले. मार्क वन ज्या गावात झालं तेच गाव.

आणि हॉफचं पुढे काय झालं तेही लिहा, पोरांना आवडेल. हाच टेड हॉफ इंटेलला गेला आणि १९७१च्या ४००४ मायक्रोप्रोसेसरच्या कर्त्यांपैकी एक झाला.

चितारओळ
उद्या बर्डीवर जातो. यादी : बी १० के १९, डीपीडीटी १८, ७४१ दोन, अभ्रक नको. बरोबर?

ओहमपुत्र
बरोबर. नॉब मात्र स्क्रूवाले घ्या, नुसते दाबून बसवायचे नकोत. दाबलेला नॉब दांड्यावर घसरला की तबकडीवरची खूण आणि आतलं वेट वेगळं होतं, आणि चूक मग सापडत नाही.